दिव्यामागचे नाव

एका हातात समई, दुसऱ्या हाताच्या ओंजळीने ज्योतीला दिलेला आडोसा, बोटांमधून झिरपणारी तांबूस प्रभा आणि त्या प्रकाशात उजळलेला स्त्रीचा शांत चेहरा. हे चित्र दिनदर्शिकेवर किंवा दिवाणखान्यातील भिंतीवर कधी पाहिले नाही, असा माणूस विरळाच. पुष्कळ जण ते राजा रविवर्मा यांचे समजतात. वास्तविक रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले आणि हे चित्र जन्माला आले ते त्यानंतर सुमारे चार दशकांनी. ते काढणारे चित्रकार म्हणजे सावळाराम लक्ष्मण हळदणकर.

हळदणकरांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीचा. मुलाच्या हातातील गुण ओळखले गेले, संस्थानाचे साहाय्य मिळाले आणि १९०३ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. शिक्षण संपले तेव्हा प्रत्येक तरुण कलावंतापुढे उभा राहणारा प्रश्न त्यांच्याही पुढे होता : चित्र विकले जाईलच याची शाश्वती नाही, मग घर चालायचे कसे?

या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर कृतीचे होते. १९०८ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षाच्या आत, त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था काढली. व्यक्तिचित्रे रंगवणे, प्रदर्शनांत भाग घेणे आणि विद्यार्थ्यांना शिकवणे, ही तिन्ही कामे पुढे एकमेकांच्या आधाराने चालली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांतही त्यांचा समावेश होता. स्वतःच्या कुंचल्याइतकीच त्यांना आपल्या कलाबांधवांच्या व्यासपीठाची काळजी होती.

‘कलेत जमले नाही म्हणून मास्तर झाला’, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. हळदणकरांचे आयुष्य या समजुतीला छेद देते. शिकवणाऱ्याला मूलभूत गोष्टींकडे रोज नव्याने परतावे लागते. नाकाच्या कडेची सावली कुठे मावळते, पाठीमागून येणारा उजेड कानाच्या पाळीला कसा रंगवतो, हे दुसऱ्याला समजावून देताना शिक्षकाची नजरही घासूनपुसून लख्ख होत असते.

त्या नजरेची कसोटी समईच्या चित्रात लागली. हे चित्र तैलरंगातील नव्हे, जलरंगातील आहे. तैलरंगात चुकलेल्या भागावर पुन्हा रंग चढवता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड हा कागदाचाच असतो. तो आधीपासून राखून ठेवावा लागतो आणि एकदा गडद झालेली जागा पुन्हा पहिल्यासारखी उजळत नाही. कन्या गीता हातात दिवा घेऊन उभी राहिली आणि १९४५-४६ च्या सुमारास पित्याने ते दृश्य कागदावर उतरवले. तेव्हा हळदणकरांनी साठी ओलांडली होती आणि त्यांच्या संस्थेला सदतीसहून अधिक वर्षे झाली होती. नोकरदार माणूस ज्या वयात निवृत्तिवेतनाचे हिशेब मांडतो, त्या वयात त्यांच्या हातून आयुष्यातील सर्वांत लोकप्रिय कृती घडली. आज ती म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे. १९६८ मध्ये हळदणकरांचे निधन झाले.

आपल्या घरांत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांपर्यंत चित्रकलेचे कौतुक होते. मुलगा अथवा मुलगी त्यापुढे जाऊ म्हणाली, की पालकांच्या कपाळावर आठी उमटते. ती चिंता खोटी नाही. मिळकत अनियमित असते आणि संसाराचा खर्च मात्र दरमहा नियमित येतो. म्हणूनच अशा मुलांना नुसता नकार किंवा नुसते प्रोत्साहन देऊन भागत नाही. चित्र काढण्याबरोबर शिकवण्याची, संस्था उभी करण्याची आणि शिस्तीने काम पोचते करण्याची तयारी हवी, हेही त्यांना सांगायला हवे. त्या तयारीला वेळ लागतो; तो देण्याची जबाबदारी घराची आहे.

आणि पुढच्या वेळी ते चित्र कुणाच्या भिंतीवर दिसले, तर सोबतच्या लहानग्यांना चित्रकाराचे खरे नाव अवश्य सांगावे. कलावंताचे एवढे देणे तरी आपल्याकडे बाकी राहू नये.