शाळकरी वयातील विसरलेली लस

मूल दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत लसीकरणाचे कार्ड घरोघरी जिवापाड जपले जाते. पुढे मूल शाळेत जाऊ लागते आणि ते कार्ड जन्मदाखल्याच्या पाकिटात जाऊन पडते. राष्ट्रीय वेळापत्रकात मात्र पाच ते सहा, दहा आणि सोळा या वयांसाठी आणखी तीन टोचण्या आहेत. सुशिक्षित घरांतही त्यांचा विसर पडतो आणि या विसराचे मोल घटसर्पासारखा रोग वसूल करतो.

घटसर्पाच्या लसीत निर्विष केलेले जीवाणूंचे विष असते. ते पाहून शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि त्या विषाची ओळख सांभाळणाऱ्या स्मृतिपेशीही निर्माण होतात. वर्षे सरतात तशी रक्तातील प्रतिपिंडे ओसरू लागतात. स्मृतिपेशी मात्र टिकून असतात. वर्धक मात्रा, म्हणजे बूस्टर, दिली की त्या जाग्या होतात आणि आठवड्याभरातच प्रतिपिंडांची पातळी पूर्वीपेक्षा बरीच वर चढते. ही नवी प्रतिपिंडे विषाला अधिक घट्ट पकडतात.

स्मृती शाबूत असेल तर पुन्हा टोचण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर वेळेच्या हिशेबात आहे. जंतुसंसर्गानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत घटसर्प डोके वर काढतो, आणि स्मृतिपेशींना सज्ज व्हायलाही काही दिवस लागतातच. तेवढ्या अवधीत विष घशातून हृदयापर्यंत आणि मज्जातंतूंपर्यंत पोहोचू शकते. म्हणून पहारेकरी आधीपासूनच रक्तात उभा हवा. प्रतिमिलिलिटर 0.01 आंतरराष्ट्रीय एकक ही किमान संरक्षणाची पातळी मानली जाते आणि 0.1 ही भरवशाची. वर्धक मात्रा पातळी या रेषेच्या वर ठेवण्यासाठीच असते.

येथे एक विचित्र गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. पूर्वी हे जंतू समाजात सर्वत्र वावरत, त्यामुळे नकळत होणाऱ्या संसर्गातून मुलांची प्रतिकारशक्ती आपोआप ताजी होत असे. (अर्थात त्यापायी कित्येक बालके दगावत, हेही विसरता येत नाही.) शिशुलसीकरण वाढले, जंतू विरळ झाले आणि ही फुकटची उजळणीही थांबली. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर 1990 च्या दशकात तेथील देशांत दीड लाखांहून अधिक लोकांना घटसर्प झाला, सुमारे पाच हजार दगावले. रुग्णांत प्रौढांची संख्या मोठी होती. आपली स्थिती अभिमानास्पद नाही. 2018 मध्ये जगभर नोंदलेल्या घटसर्पाच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या भारतातील होते. जगभरच्या बालकांना टोचल्या जाणाऱ्या लसींचा मोठा वाटा ज्या पुण्यात तयार होतो, त्या पुण्याच्या देशाला हे शोभत नाही.

दंड सुजतो, ताप येतो, म्हणून काही पालक कचरतात. ही सूज बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. मोठ्या मुलांना असा त्रास अधिक होऊ नये म्हणूनच दहाव्या आणि सोळाव्या वर्षीच्या ‘टीडी’ लसीत घटसर्पाच्या घटकाचे प्रमाण मुद्दाम कमी ठेवलेले असते. पूर्वी या वयात केवळ धनुर्वाताची लस देत. आता तिच्या जागी ही जोडलस आली आहे. घटसर्प झाल्यावर द्यावे लागणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते आणि ते सर्वत्र वेळेवर मिळतेच असे नाही.

हे काम एकट्या आरोग्यखात्यावर सोडून चालणार नाही. पहिलीच्या प्रवेशावेळी मुख्याध्यापकांनी जन्मदाखल्याबरोबर कार्डावरील पाचव्या वर्षाची नोंदही पाहावी. पाचवीच्या पालकसभेत दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. वस्त्यांत अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालविणाऱ्या कार्यकर्त्यांना तर मुलांची वये तोंडपाठ असतात. कोणाची टोचणी राहिली, याची यादी करणे त्यांना सहज जमेल. सात वर्षांपर्यंतच्या मुलाला राहून गेलेली त्रिगुणी लस देता येते, त्यापुढील मुलांसाठी टीडी आहे. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दोन्ही विनामूल्य मिळतात.