गोतसभेचे गोडवे आणि ओस सभागृहे

मराठ्यांच्या गावगाड्यात लोकशाही नांदत होती आणि ती इंग्रजांनी मोडली, असा दावा हल्ली मोठ्या आवेशाने केला जातो. दावा करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखादा महजर वाचला असेल, ही शंकाच आहे.

वि. त्र्यं. गुणे यांनी ते वाचले होते. १६०० ते १८१८ या काळातील महजर, निवाडपत्रे व सरकारी हुकूम यांवर आधारलेला मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील त्यांचा प्रबंध पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९५३ साली प्रसिद्ध केला. पुढे ते गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. सभेत बसलेली माणसे निर्णयापर्यंत कशी पोहोचतात, हे या कागदांत लख्ख दिसते.

पाटीलकीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. दिवाणाचे अधिकारी, देशमुख-देशपांडे, आसपासचे पाटील, बलुतेदार जमत. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा लिहून देत. हा आजचा राजीनामा नव्हे. सभेचा निवाडा मान्य राहील, अशी ती लेखी कबुली. मग जामीन, तकरिरी, साक्षी, जुने कागद. तरीही उलगडा होईना तर दिव्य. अखेरीस महजर, आणि त्यावर हजर असलेल्यांची नावे व निशाण्या. पाटलाच्या नावापुढे नांगर.

शिवेच्या वादात महाराची साक्ष मोलाची असे. ज्याला गावकुसाबाहेर ठेवले, त्याच्याच शब्दावर गावाची शीव ठरे! बसण्याचा हक्क वतनाने येई, मताने नव्हे. अशा सभेला लोकशाही म्हणणे हा इतिहासाशी केलेला खोटेपणा आहे.

तिचे खरे मोल वेगळे होते. निर्णय चारचौघांत होई आणि तो कोणाचा, हे कागदावर राही.

नेमके हेच ठाणे जिल्ह्यातील तीन शहरांत हरवले होते. अंबरनाथ आणि बदलापूर येथील नगरपरिषदांची मुदत २०२० मध्ये संपली, उल्हासनगर महापालिकेची २०२२ मध्ये. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे ७४ वी घटनादुरुस्ती सांगते. मतदान झाले ते डिसेंबर २०२५ आणि जानेवारी २०२६ मध्ये. आधी महासाथ, मग आरक्षणाचा न्यायालयीन वाद. कारणे खोटी नव्हती. परंतु तोवर पाणी, रस्ते, कर यांवरचे ठराव एकट्या प्रशासकाच्या सहीने होत राहिले, आणि गोतसभा मोडल्याबद्दल इंग्रजांना आजही शिव्या घालणाऱ्यांना त्यात वावगे काही दिसले नाही.