बारीक कामासाठीं एअरब्रशाची पारख

या पृष्ठांवर कधीं काळीं आम्ही एअरब्रश नांवाच्या यंत्राची चर्चा करूं, असें कोणीं कांहीं वर्षांपूर्वीं म्हटलें असतें तर आम्हीं तें हंसण्यावारी नेलें असतें. आमचा जन्म शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेण्यांत गेला. यंत्राशीं आमचा परिचय सायकलच्या पंपापलीकडे नाहीं. परंतु आमचें घर पेणचें, आणि पेणच्या घरांत गणपतीची मूर्ति हा विषय टाळूं म्हटल्यानें टळत नाहीं. आमच्या पडवींत दरसाल साठ-सत्तर शाडूच्या मूर्ति होतात. घडविण्याचें काम पुतण्याचें, रंगाचें काम सर्वांचें. पण डोळ्यांची आखणी मात्र चाळीस वर्षें आमच्या थोरल्या वहिनींच्या हातची. गिऱ्हाईक मूर्ति पाहावयास येतें तें प्रथम डोळे पाहतें, हें निराळें सांगावयास नको.

२०२२ सालच्या ज्येष्ठांत एके दिवशीं वहिनींनीं कुंचला खालीं ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, बुबुळ आतां माझ्या हातून मधोमध बसत नाहीं." हाताला कंप सुटला होता, तो त्यांनीं दोन वर्षें लपविला होता. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर आमची नात, पुतण्याची थोरली मुलगी, जी चित्रकलेचें शिक्षण पुरें करून नुकतीच परतली होती, ती म्हणाली, "आजोबा, आपण एअरब्रश घेऊं या. पापणीखालची सावली, गालाची लाली, सोंडेवरचा उठाव, सगळें बारीक काम त्यानें होईल. मी शिकेन." पैसे कोठून आणावयाचे, हा पुढचा प्रश्न. माजघरावरचीं कौलें परतावयासाठीं बाजूला काढून ठेवलेली रक्कम होती. कौलें आणखी एक पावसाळा कळ काढतील, असें पुतण्यानें ठरविलें.

येथें एक विषयांतर. या यंत्रास 'वायुतूलिका' असें नांव आम्हीं सुचविलें. तूलिका म्हणजे कुंचला, वायु तर उघडच आहे, समास निर्दोष. घरांतल्या मुलांनीं तो एकमतानें नाकारला. तेव्हां येथें 'एअरब्रश' हाच शब्द वापरतों.

हें यंत्र नवें नाहीं. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत अॅब्नर पीलर नामक गृहस्थानें १८७९ सालीं त्याचा पहिला ओबडधोबड अवतार तयार केला. पुढें चार्ल्स बर्डिक यानें १८९३ च्या सुमारास आजच्या एअरब्रशाची मूळ रचना सिद्ध केली. त्या काळीं त्याचा मोठा उपयोग छायाचित्रें सुधारण्याकडे होई: मोठ्या केलेल्या फिकट तसबिरींत चेहऱ्याची सावली-उजेड भरून काढावयाची. म्हणजे ब्रशाची रेघ जेथें उघडी पडते आणि सावली मात्र हळूहळू विरत जावयास हवी, तेथलें हें हत्यार. ही गोष्ट आम्हीं आधीं नीट ध्यानांत घेतली असती, तर पुढचा अर्धा मनस्ताप वांचला असता.

रचना समजल्याखेरीज पारख करतां येत नाहीं, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. आंत एक लांब, निमुळती सुई असते; तिचें टोक नोझल नांवाच्या इवल्या तोटीच्या तोंडांत बसून तें बंद करतें. वर बोटाखालीं खटका. खटका खालीं दाबला कीं हवा सुटते. तोच मागें ओढला कीं सुई मागें सरते, तिच्या आणि नोझलाच्या मधें कंगणासारखी फट पडते, तींतून रंग येतो आणि भोंवतालच्या वेगवान् हवेनें त्याचें धुकें होतें. हवा आणि रंग हीं दोन्ही अशीं एकाच बोटाच्या स्वाधीन असतात, त्यास दुहेरी क्रियेचा ब्रश म्हणतात. एकेरी क्रियेच्या ब्रशांत दाबल्याबरोबर हवा आणि रंग एकदमच येतात. रंगाचें मान स्क्रूनें आधीं ठरवावें लागतें. अस्तर देण्यास तो ठीक. बारीक कामास दुहेरीच हवा, याविषयीं आमच्या मनांत आतां संशय राहिलेला नाहीं.

आमच्या नातीनें त्या वेळीं ०.२ मिलिमीटर नोझलाचा एक स्वस्त ब्रश आणि त्याबरोबर टाकी नसलेला लहानसा कॉम्प्रेसर घेतला. जितका आंकडा लहान तितकें काम बारीक, असा साधा हिशेब. तो आम्हांसही पटला. अंकगणित आम्ही शिकविलेलें आहे. कागदावर आठ दिवस सराव छान झाला. पुढें श्रावण लागला, पाऊस धरून बसला, आणि चतुर्थीस नऊ दिवस राहिले असतां एका मूर्तीच्या गालावर लाली देतांना ब्रश अचानक थुंकला. पाण्याचा टपोरा थेंब रंगासकट डाव्या डोळ्याखालीं बसला. पुसावयास गेलें तों पांढऱ्या अस्तरासकट रंग सुटला आणि खालची शाडू दिसूं लागली. मूर्ति ज्यांची होती त्यांच्या घरीं तीन पिढ्या आमच्याच पडवींतून गणपति जातो. तो चेहरा पुन्हा पांढरा करून, वाळवून, रंगवून उभा करण्यास पुतण्याच्या दोन रात्री गेल्या, आणि डोळा अखेर वहिनींनींच आखला, उजवें मनगट डाव्या मुठीवर टेकून. आम्ही शेजारीं निरांजन धरावें तसा दिवा धरून उभे होतों.

थेंब आला कोठून? हवेंत ओल असते. ती हवा दाबली कीं तापते, नळींतून येतां येतां निवते, आणि निवतांना तींतलें पाणी सुटतें. कोंकणांतल्या श्रावणांत हें पाणी थोडकें नसतें. कॉम्प्रेसरला टाकी असली तर हवा टाकींत निवते, पाणी तळाशीं बसतें आणि खालची तोटी उघडून रोज काढून टाकतां येतें. शिवाय नळीवर, ब्रशाच्या जवळ, पाणी धरून ठेवणारी एक लहान कुपी बसवितां येते. टाकीचा दुसरा लाभ असा कीं हवेचा झोत धडधडत न येतां एकसारखा येतो. टाकी नसेल तर पंपाचा प्रत्येक ठोका बारीक रेघेंत गांठीसारखा दिसतो. म्हणून आमचें पहिलें सांगणें हें कीं ब्रशावर सगळी रक्कम घालूं नये. टाकीचा कॉम्प्रेसर, दाब कमीअधिक करण्याचा रेग्युलेटर आणि पाणी धरणारी कुपी यांचा वांटा आधीं बाजूस काढावा. टाकी असली म्हणजे कॉम्प्रेसर सारखा चालत नाहीं, मधून मधून बंद पडतो. दुपारची वामकुक्षी ज्या घरांत अजून चालते तेथें हाही विचार क्षुद्र नव्हे.

आतां त्या आंकड्याविषयीं. ०.२ म्हणजे नोझलाच्या छिद्राचें माप. त्यानें रंग जास्तींत जास्त किती येऊं शकेल हें कळतें. कमींत कमी किती येईल हें सुईच्या निमुळतेपणावर, नोझलाच्या घडणीवर आणि बोटाच्या संयमावर अवलंबून आहे. चांगल्या घडणीच्या ०.३ च्या ब्रशानें सरावाचा हात केसासारखी रेघ ओढतो, ओबडधोबड ०.२ च्या ब्रशानें ती ओढतां येत नाहीं. शिवाय सर्व कारखानदार एकाच पद्धतीनें माप देत नाहींत, त्यामुळें दोन निरनिराळ्या घरचे ०.२ शेजारीं ठेवून तुलना करणें व्यर्थ. लहान छिद्राचा दंडही असतो. रंग फार पातळ आणि फार बारीक दळलेला लागतो. जाड कणाचा रंग तेथें अडकतो. आणि पाण्याचे अॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावर वाळून बसतात, तें टोक दर कांहीं मिनिटांनीं पुसावें लागतें. शिकणाऱ्याचा निम्मा वेळ मग चित्रकलेंत न जातां नळकारागिरींत जातो.

बारीक रेघेची खरी साखळी निराळीच आहे. रेघ बारीक हवी तर ब्रशाचें टोक पृष्ठभागाच्या जवळ, एखाद्या सेंटीमीटरवर, न्यावें लागतें. जवळ नेलें आणि हवा जोराची असली तर ओला रंग फुंकला जाऊन कोळ्याच्या पायांसारखे फांटे फुटतात. म्हणून दाब कमी करावा लागतो: चौरस इंचास दहा ते पंधरा पौंड, कधीं थोडा अधिक. दाब कमी केला तर घट्ट रंगाचें धुकें होत नाहीं, ठिपके पडतात. म्हणून रंग साय काढलेल्या दुधाइतका पातळ हवा आणि वस्त्रगाळ केलेला हवा. रंग पातळ केला म्हणजे एका हातांत तो पुरेसा गडद दिसत नाहीं; तेव्हां पांच-सहा हात द्यावे लागतात आणि प्रत्येकाच्या मधें तो वाळूं द्यावा लागतो. यांपैकीं एक कडी सुटली कीं जगांतला सर्वांत महाग ब्रशही गालावर थुंकतो. हें नातीनें आम्हांस कागदावर करून दाखविलें, तेव्हां आम्हांस पटलें. केवळ सांगितलें असतें तर पटलें नसतें.

रंग कोठें भरावयाचा यावरून दोन मुख्य जाती होतात. एकींत बाटली खालीं लोंबते आणि हवेच्या ओढीनें रंग वर चढतो; ती मोठ्या पृष्ठभागास सोयीची. दुसरींत लहान वाटी वर असते आणि रंग आपल्याच भारानें उतरतो. तिला दाब कमी पुरतो, चार थेंबांतही काम होतें, आणि वाटी लवकर धुतां येते. बारीक कामास हीच घ्यावी. मागच्या दांड्यांत सुई किती मागें सरावी हें बांधून देणारा स्क्रू असेल तर नवशिक्यास तो लगामासारखा उपयोगीं पडतो.

नोझल बसविण्याच्याही दोन पद्धती आहेत. कांहींत तें तांदळाच्या दाण्याएवढें असून पेंचानें बसतें आणि त्याला एक इवला पाना लागतो. कांहींत तें नुसतें जागेवर ठेवून वरची टोपी फिरवावयाची. यासंबंधीं एक कबुली दिली पाहिजे. त्या पहिल्या ब्रशाच्या वाटींत मागाहून बुडबुडे येऊं लागले. आम्हीं दुकानदारास चार शब्द सुनावले. त्यानें सुटें नोझल मिळत नाहीं, नवा ब्रश घ्या, असें शांतपणें सांगितलें. घरीं येऊन नातीनें भिंगाखालीं पाहिलें तों नोझलास उभी चीर. ती कोणाच्या हातची? धुऊन झाल्यावर "नीट घट्ट बसावें" म्हणून पान्यास शेवटचा पीळ देणारे आम्हीच. नोझल हलक्या बोटांनीं बसवावयाचें असतें, चिमटीच्या जोरापलीकडे नाहीं. आम्ही आतां धुण्याच्या कामांतून निवृत्त आहों.

यावरून दुकानांत काय पाहावें हें सांगतों. पदरीं एक चांगलें भिंग ठेवावें. सुई बाहेर काढून टोक पाहावें. तें किंचितही वांकडें असेल तर रंग एका बाजूस जाईल. नोझलाची कड चिरलेली नाहीं ना तें पाहावें. वाटींत साधें पाणी घालून नुसती हवा सोडावी. पाण्यांत बुडबुडे आले तर नोझल नीट बसलेलें नाहीं अथवा फुटकें आहे. कोरडा खटका वीस वेळां मागें-पुढें करावा. मधें कोठें अडखळला तर तो बारीक रेघेंतही तेथेंच अडखळणार. मग पाण्यांत थोडी शाई घालून कागदावर ठिपक्यांची एक ओळ काढावी, आणि केसाएवढी सुरू होऊन रुंद होत जाणारी, खंजिरासारखी रेघ ओढावी. हें करूं न देणाऱ्या दुकानांतून उठावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, सुई व नोझल सुटीं मिळतात काय, आणि कितीला, हें ब्रशाची किंमत विचारण्याच्या आधीं विचारावें.

आम्हीं पुढच्या वर्षीं जपानी इवाटा घरचा, एच-पी-सी प्लस नांवाचा, ०.३ चा वरच्या वाटीचा ब्रश घेतला. त्याच घरचा एच-पी-बी प्लस ०.२ चा असतो, आणि कस्टम मायक्रॉन बी तर ०.१८ चा, तो ज्यांची उपजीविकाच सूक्ष्म चित्रांवर आहे त्यांनीं घ्यावा, हात तयार झाल्यावर. जर्मनीच्या हार्डर अँड स्टीनबेकच्या कित्येक ब्रशांत नोझल पेंचाशिवाय बसतें, आणि एकाच ब्रशास निरनिराळ्या मापांच्या सुई-नोझलाच्या जोड्या लावतां येतात. आमच्यासारखा पीळ देणारा वडील माणूस ज्या घरांत असेल, तेथें आम्ही हेंच सुचवूं.

एक गोष्ट विसरतां कामा नये. हें धुकें डोळ्यांना दिसत नाहीं तेव्हांही हवेंत असतें आणि श्वासाबरोबर आंत जातें. पाण्याचा रंग असला तरी खिडकी उघडी ठेवून, बारीक कण अडविणारा मुखवटा बांधूनच काम करावें. पंचा गुंडाळून भागत नाहीं. थिनरचे रंग असतील तर त्यांच्या वाफेसाठीं निराळ्या गाळणीचा मुखवटा लागतो, आणि ते घराच्या पडवींत उडवूंच नयेत. लहान मुलें तेथेंच खेळत असतात.

आणि डोळे? दोन वर्षांच्या सरावानंतर नात पापणीखालची सावली, बुबुळाभोंवतालचा विरता तांबूसपणा आणि सोंडेच्या वळ्यांचा उठाव एअरब्रशानें असा देते कीं मूर्ति जिवंत वाटावी. परंतु पापणीची काळी रेघ तिनें त्यानें ओढून पाहिली आणि सोडून दिली. धुक्याच्या रेघेची कड कितीही बारीक असली तरी मऊच राहते. डोळ्याला धार लागते, आणि ती कुंचल्याच्या दोन-चार केसांतच आहे. ज्यासाठीं कौलांचे पैसे मोडले तें काम त्या यंत्रानें झालें नाहीं, हें वहिनींनीं ऐकलें तेव्हां त्यांस वाईट वाटलें कीं बरें, तें आम्हांस सांगतां येत नाहीं. त्यांनीं आपला जुना, मुठीशीं झिजलेला कुंचला काढून नातीच्या हातांत दिला आणि तिला समोर बसविलें. आतां आषाढ लागला कीं त्या रोज सकाळीं तासभर तिच्याकडून फुटक्या पाटीवर नुसत्या पापण्या काढून घेतात. "श्वास सोडतांना ओढ, घेतांना नको," एवढें एकच वाक्य आम्हांस माजघरांत ऐकूं येतें. माजघर अजून जुन्या कौलांखालींच आहे. पाऊस पडला कीं आम्ही पाट थोडा भिंतीकडे सरकवून बसतों.