सोळाचा पाढा

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या वस्तूंना खाली उतरण्याची संधी मिळते. गेल्या साली गुंडाळून ठेवलेला कंदिलाचा सांगाडा, समया, आणि पुष्कळ घरी एक जुना कॅमेरा. अलीकडे या कॅमेऱ्याला पुन्हा बरे दिवस आले आहेत. खिशात फोन असूनही कॉलेजातली मुले आजोबांचा कॅमेरा पुसतात, त्यात फिल्म भरतात, आणि मग घरात पहिला प्रश्न निघतो तो खर्चाचा! प्रश्न रास्तच आहे. छत्तीस फोटोंचा साधा रंगीत रोल, त्याची धुलाई आणि स्कॅनिंग मिळून खर्च हजाराच्या पुढे सहज जातो. म्हणजे एकेक खटका तीस रुपयांच्या घरात गेला. तेव्हा स्वस्त फिल्म कोणती, याच्याइतकेच ती वाया कशी जाणार नाही, हेही पाहिले पाहिजे.

आजोबांच्या पिढीचा कारभार सुटसुटीत होता. बडोद्याला तयार होणाऱ्या आग्फा क्लिक थ्रीवर सूर्य आणि ढग अशा खुणा असत. ऊन असले तर सूर्य, नसले तर ढग. एका रोलमध्ये चौकोनी फोटो बाराच निघत, त्यामुळे माणसे विचार करून बोट दाबीत. फिल्मही देशी मिळे. उटकमंडला १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले. तिथल्या कृष्णधवल फिल्मचे नाव होते ‘इंदू’. चांदीच्या क्षारांनी माखलेल्या पट्टीला चंद्राचे नाव देणारा गृहस्थ रसिक असला पाहिजे. तो कारखाना आता बंद आहे. आज स्वस्तात हवी तर रंगीतमध्ये कोडॅकची कलरप्लस २००, आणि कृष्णधवलात केंटमियर किंवा झेकोस्लोव्हाकियाच्या काळापासून चालत आलेली फोमापान, ही नावे ध्यानात ठेवावीत. डब्यावरचा आकडा फिल्मचा वेग सांगतो. बाहेर उन्हात १०० किंवा २०० पुरते. घरात फोटो काढायचे तर ४०० घ्यावी.

आता पाढा. स्वच्छ कडक उन्हात कॅमेऱ्याचे अ‍ॅपर्चर १६ वर ठेवावे आणि शटरचा आकडा फिल्मच्या वेगाजवळचा घ्यावा. १०० च्या फिल्मला सेकंदाचा १२५ वा भाग, २०० ला २५० वा, ४०० ला ५०० वा. बस्स! ऊन कमी झाले, की अ‍ॅपर्चर एकेक घर खाली आणायचे: १६, ११, ८, ५.६, ४. आकडा लहान होतो तसे भोक मोठे होते आणि दर घराला प्रकाश दुप्पट होतो.

ऊन किती कमी झाले, हे मोजायला यंत्र नको. आपली जमिनीवरची सावली पाहावी. कडा रेखीव असल्या तर १६. कडा मऊ झाल्या तर ११. सावली जेमतेम दिसत असली तर ८. मुळीच नसली तर ५.६. इमारतीच्या सावलीत उभ्या माणसाचा फोटो काढायचा तर ४. आपल्या भाषेने या कलेला ‘छायाचित्रण’ म्हटले, त्यात मोठे शहाणपण आहे. निगेटिव्ह फिल्मला एकदोन घरे जास्त प्रकाश मिळाला तरी ती तो पचवते. पण सावलीत जे उमटलेच नाही, ते पुढे कोणत्याही उपायाने परत येत नाही. तेव्हा संशय आला, की एक घर जास्त उघडावे.

दिवाळीच्या पहाटेचेच उदाहरण घ्या. डोंबिवलीत गणेशमंदिरापासून फडके रोडभर आणि ठाण्यात तलावपाळी, राम मारुती रोडला तरुणांची गर्दी उसळते. साडेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो, पण दोन्हीकडच्या इमारतींमुळे रस्ता सावलीतच असतो. ४०० च्या फिल्मवर ४ आणि १२५ वा भाग इथून सुरुवात करावी, आणि उजेड चढेल तसे ५.६, ८ असे चढावे. कॅमेऱ्यात मीटर असला, तरी मासुंद्याच्या चकाकत्या पाण्यापुढे किंवा पांढऱ्याशुभ्र झब्ब्यांच्या घोळक्यापुढे त्याच्यावर विसंबू नये. तो समोरचे सारे करडे धरून चालतो आणि चेहरे काळवंडून टाकतो. दुपारी कल्याणला दुर्गाडीवर मात्र डोळे मिटून १६!

रात्री पणत्यांसमोर ४०० ची फिल्म, अ‍ॅपर्चर २ आणि सेकंदाचा १५ वा भाग लागतो. एवढ्या वेळात हात हलतोच. म्हणून कॅमेरा स्टुलावर टेकवावा. रोल धुवायला दिला, की निगेटिव्ह आठवणीने परत मागावी. स्कॅन फोनबरोबर हरवतात, निगेटिव्ह मात्र कोरड्या डब्यात नीट ठेवली तर नातवंडांपर्यंत पोचते.

शेवटी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. घरातला जुना अल्बम उघडून पाहा. गच्चीवर, अंगणात, तळ्याकाठी सगळे आहेत. फराळ करणारी बाई मात्र पुष्कळ अल्बमांत कढईपाशी दिसत नाही. स्वयंपाकघरात उजेड कमी आणि फिल्म मंद, म्हणून तिथे कोणी कॅमेरा नेलाच नाही. लग्नातल्या गटात तिसऱ्या रांगेत तिचा चेहरा सापडला तर सापडला. आज अडचण राहिलेली नाही. ४०० ची फिल्म, खिडकीचा उजेड, अ‍ॅपर्चर २.८ आणि ६० वा भाग, एवढ्यात चकल्यांच्या सोऱ्याशी बसलेली आजी नीट उमटते. छत्तीसातले चार खटके तिच्यासाठी राखून ठेवा. हिशेब केलात तर सव्वाशे रुपयांच्या आतबाहेर जाईल.