कुलूप तोडण्यापूर्वी

आमच्या घोडेगावजवळच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलुपे न लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. संगणक मात्र कुलूप लावतो. नको असलेली फाइल पुसायला जावे, तर ‘ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे’ असे उत्तर मिळते. मग पुष्कळ मुले चिडून वीजच बंद करतात. माझ्या मते हे चूक आहे.

विंडोज या कार्यप्रणालीत एखादा प्रोग्रॅम फाइल वापरत असला, की बहुधा इतरांना ती पुसता येत नाही. चालू काम मध्येच बिघडू नये, म्हणून ही तरतूद. लिनक्समध्ये फाइलचे नाव लगेच जाते. पण ती वापरणारा शेवटचा प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तिने व्यापलेली जागा मोकळी होत नाही. वीज अचानक तोडली, तर ज्यांच्यात लिहिणे चालू आहे अशा उपयोगी फाइलीही बिघडू शकतात.

म्हणून आधी विचारा : फाइल कोणी धरली आहे? तो प्रोग्रॅम रीतसर बंद करा. न सापडल्यास संगणक रीतसर पुन्हा सुरू करा. शिक्षकांनीही कोणते बटण दाबावे एवढेच न सांगता, कुलूप का लागले तेही सांगावे. कारण शोधणे हीच विज्ञानाची खरी किल्ली.