पोट शिवले, छातीचे काय?

चिखली तालुक्यातील आमचे एक जुने कार्यकर्ते लवकरच पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जाणार आहेत. हर्नियाचेच ऑपरेशन, त्याच बाजूचे, दुसऱ्यांदा. नामांतराच्या लढ्यात ज्यांची घोषणा मोर्चाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायची, त्यांना आज एक वाक्य पुरे करताना दोनदा थांबावे लागते. तरुणपण जिनात, कापसाच्या धुळीत गेले. पुढे गिट्टीच्या क्रशरवर काम केले. सोबतीला बिडी होतीच आणि घरात चुलीचा धूर. डॉक्टर या आजाराला सीओपीडी म्हणतात, गाव त्याला दमा म्हणते आणि म्हातारपणाच्या खात्यावर टाकून मोकळे होते.

चार वर्षांपूर्वी पहिले ऑपरेशन झाले. जाळी बसवली, टाके काढले, सुट्टी दिली. खोकला मात्र त्यांच्यासोबत जसाच्या तसा घरी परत आला. श्वास किती भरतो, किती सुटतो, हे नळीत फुंकून मोजण्याची साधी तपासणीही तेव्हा कुणी केली नाही. ज्या खोकल्याने गाठ बाहेर ढकलली त्या खोकल्याला हात न लावता नुसते पोट शिवले, तर ती शिवण किती दिवस टिकणार, हा आमचा सवाल आहे.

हर्नियात पोटाच्या भिंतीतील कमजोर जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येते. खोकल्याची प्रत्येक उबळ पोटातला दाब वाढवते आणि तो दाब नेमका त्याच जागेवर आदळतो. जड ओझे, बद्धकोष्ठता, लघवीला जोर करावा लागणे, हीसुद्धा हर्निया उलटण्याची कारणे आहेत. तंबाखूमुळे जखम भरून येण्याची ताकद कमी होते. जाळी आल्यापासून उलटण्याचे प्रमाण नुसत्या टाक्यांपेक्षा घटले, पण ते शून्यावर आलेले नाही.

आणि दुसरे ऑपरेशन म्हणजे पहिल्याची झेरॉक्स नव्हे. आतले थर जुन्या जखमेने एकमेकांना चिकटलेले असतात. नसा आणि वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या दुखावण्याचा धोका वाढतो. म्हणून सर्जन शक्यतो जुनी वाट सोडून वेगळ्या बाजूने, दुर्बिणीने जायचे बघतात. पण दुर्बिणीला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते आणि खराब फुफ्फुसांना पूर्ण भूल जोखमीची असते. कमरेत इंजेक्शन देऊन किंवा तेवढीच जागा बधिर करून ऑपरेशन करावे, तर पुन्हा जुन्या चिकटलेल्या वाटेने जाणे आले. आमच्या कार्यकर्त्यापुढे आज हाच पेच आहे. तो सोडवायला सर्जनइतकाच भूल देणारा डॉक्टर महत्त्वाचा असतो, आणि तालुक्याच्या गावी नेमकी त्याचीच वाण असते.

श्वासाचा आणि जातीचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडचा धागा विटाळलेला ठरे! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे ते मजूरमंत्री असताना १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अडारकर अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. पण त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत पहिलेच नाव होते कापसाच्या जिनिंगचे! कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार पुढे कारखाने कायद्याने नोंद करण्याजोगा मानला. म्हणजे एका कायद्याने धूळ ओळखली आणि दुसऱ्याने धूळ खाणाऱ्याला दाराबाहेर ठेवले. कापसाच्या बुलडाणा जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

सरकारी घोषणांचे म्हणाल तर त्यांना तोटा नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी बुलडाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन झाले. दोन्हींचे आम्ही स्वागतच करतो. पण साल्बुटामॉल आणि ब्युडेसोनाइडचे पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर बारमाही मिळाले पाहिजेत आणि फुंकण्याची तपासणी तालुक्यातच झाली पाहिजे. या मागणीसाठी मोर्चा काढावा लागला तर तो काढू.

आपल्या लोकांनाही दोन गोष्टी सुनावल्या पाहिजेत. पंपाची सवय लागते, ही समजूत सोडा. पंप बंद करून ऑपरेशनला जाणे घातक आहे. डॉक्टरांनी सांगितला असेल तर तो त्या दिवशी सकाळीसुद्धा घ्यायचा असतो. बिडी निदान चार आठवडे आधी सुटली पाहिजे. भरतीच्या वेळी छातीचा आजार लपवू नका, कारण अशा रुग्णाला ऑक्सिजनही मोजूनच द्यावा लागतो, जास्त झाला तर अपाय करतो. मात्र गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर तयारीची वाट न पाहता त्याच तासाला दवाखाना गाठा.

या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन सहा आठवडे पुढे ढकलले आहे. आधी छाती, मग पोट, असे त्यांनी सांगितले. नातेवाईक त्यावर रागावले. आम्हाला मात्र हा डॉक्टर भेटला याचेच समाधान वाटले. बिडी सुटून आता वीस दिवस झाले. सुनेने चूल अंगणात हलवली. सकाळ-संध्याकाळ पंप चालू आहे आणि तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या खेळण्यात श्वास ओढण्याचा सराव. दोन गोळ्या वर जातात, तिसरी अजून हलत नाही. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी त्यांना धरून चालवावे लागेल, खोकताना पोटाशी उशी दाबून धरावी लागेल आणि घरी आल्यावर काही आठवडे पाण्याची बादलीही उचलू देता येणार नाही. मुलगा पुण्याला कामावर आहे. तेव्हा चिखलीच्या विहारातील तरुणांनी रात्रीच्या मुक्कामासाठी आपली नावे आताच देऊन ठेवावीत.