थांबण्याची किंमत

पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी ‘ला तूर दार्जां’ हे जुने, प्रख्यात उपाहारगृह आहे. त्याच्या तळघरात सुमारे तीन लाख बाटल्या वाइन साठविलेली असून पाहुण्याच्या हाती दिली जाणारी मद्यसूची सुमारे ४०० पानांची व आठ किलो वजनाची आहे. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर चालून आल्या तेव्हा मालकांनी निवडक बाटल्यांपुढे भिंत बांधून त्या दडविल्या होत्या. मद्यपानाच्या इष्टानिष्टतेचा वाद येथे प्रस्तुत नाही. अशा सूचीतून जुनी वाइन निवडणारा ग्राहक नेमके कशाचे मोल देतो, हा प्रश्न अर्थशास्त्राचा, आणि म्हणूनच राजकारणाचाही आहे.

वाइन जितकी जुनी तितकी उत्तम, हा समज मुळात खरा नाही. जगातील बहुतेक वाइन थोड्या वर्षांतच पिण्यासाठी केलेली असते. बोर्दोसारख्या काही प्रांतांतील मोजक्या वाइन तेवढ्या काही दशके टिकतात व सुधारतात. त्याही थंड, दमट तळघरात आडव्या ठेवल्या तरच. सूचीवर उत्पादकाचे नाव, हंगामाचे वर्ष आणि किंमत असते. बाटलीच्या आत काय झाले आहे ते त्यावरून कळत नाही. सेवक पेल्यात घोटभर ओततो तोही वाइन बिघडलेली नाही ना, एवढे पाहण्यापुरता. साहजिकच अनभिज्ञ ग्राहक किंमत पाहून निवड करतो. यात तो एकटा नाही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तेथील वाइनची जी प्रतवारी लावली, तिचा आधार बाजारभाव हाच होता. १९७३ साली ‘मूताँ रॉत्शिल्द’ला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली, ते सोडल्यास ती प्रतवारी आजही जवळजवळ तशीच आहे. दर्जावरून किंमत ठरावयाची, तेथे किमतीवरून दर्जा ठरला.

पण वाढीव किंमत येते कोठून? तळघरात पडून राहिलेल्या बाटलीवर कोणी फारसे श्रम करीत नाही, तरीही तिचे मोल चढते. मूल्याचा उगम श्रमात शोधणाऱ्या डेव्हिड रिकार्डोला हे कोडे १८२३ साली मृत्यू येईपर्यंत सुटले नाही. नासाउ सीनियरने १८३६ साली सोपे उत्तर दिले : नफा म्हणजे भांडवलदाराच्या संयमाचे पारितोषिक! मार्क्सने या संयमाची यथेच्छ खिल्ली उडविली. ‘कॅपिटल’च्या १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या खंडात त्याने उत्पादनाचा काळ आणि श्रमाचा काळ यांत भेद केला. वाइन मुरत असते तेव्हा उत्पादन चालू असते, श्रम थांबलेले असतात. त्या काळात नवे मूल्य निर्माण होत नाही. अडकून पडलेल्या भांडवलाला अन्यत्र निर्माण झालेल्या वरकड मूल्याचा वाटा मिळतो.

तात्पर्य, ज्याला संयम म्हणून गौरविले जाते ती वस्तुतः ऐपत आहे. हंगामातच माल विकून देणी भागविणाऱ्या लहान बागायतदाराला दहा वर्षे थांबता येत नाही, आणि द्राक्षे तोडणाऱ्या मजुराला तर आठवडाभरही नाही. २०२३ च्या हंगामात फ्रान्सच्या शांपेन प्रांतात पन्नासहून अधिक परदेशी मजुरांना राहण्यास अयोग्य अशा जागेत कोंबून राबविण्यात आले. २०२५ साली तेथील न्यायालयाने या प्रकरणी मानवी व्यापाराच्या गुन्ह्याखाली शिक्षा सुनावल्या. बाटली तळघरात मुरते तसा तिचा भाव वाढतो. तोडणीची मजुरी मात्र तोडणीच्या दिवशीच गोठलेली असते.

थांबण्याची ही ऐपत वाटून घेता येते, हेही फ्रान्सनेच दाखविले आहे. दक्षिणेकडील मारोसाँ गावच्या लहान द्राक्ष उत्पादकांनी १९०१ साली सहकारी संस्था काढली, पुढे सामायिक मद्यकोठार बांधले आणि पॅरिसच्या ग्राहक सहकारी संस्थांना थेट वाइन विकली. समाजवादी नेते झाँ झोरेस यांनी १९०५ साली तेथे जाऊन या प्रयोगाचा गौरव केला. कोठार ज्याच्या मालकीचे, त्याच्याच बाजूने काळ उभा राहतो, हे त्या शेतकऱ्यांनी ओळखले होते. परंतु सहकारानेही मजुराला भागीदार केल्याखेरीज हा न्याय पुरा होत नाही. सूचीवर वर्ष छापलेले असते. त्या वर्षी द्राक्षे कोणी तोडली आणि त्याच्या पदरात काय पडले, हा प्रश्न सूचीबाहेर राहता कामा नये.